खर्रा सोडवताना: बुटीबोरीतल्या एका कामगाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

किशोरभाऊ (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ३९ वर्षांचे. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर, राहायला नागपूरच्या मानेवाडा भागात. घरात आई, पत्नी आणि सातवीतली मुलगी. पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळी सहा ते दोन, दुपारी दोन ते दहा, रात्री दहा ते सहा. मूळ गाव उमरेडकडचं. खर्रा तिथेच, मित्रांच्या संगतीत, एकविसाव्या वर्षी लागला. त्याला आता अठरा वर्षं झाली.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. खर्रा म्हणजे बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यावर, एकत्र घोटून केलेलं मिश्रण. पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोर घोटतात, त्याच पन्नीत गुंडाळून रबर लावून देतात. एक पुडी पाच-सहा चिमटींत संपते. चिमूट गालात धरून ठेवायची, हळूहळू चघळायची. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र त्यानंतरही गल्लोगल्ली मिळत राहिला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते. किशोरभाऊंच्या लाइनवर प्रमाण याहून बरंच जास्त होतं. तिथे न खाणाऱ्यालाच कारण विचारलं जायचं.

मानसशास्त्राच्या अंगानं हे प्रकरण मांडण्याचं कारण साधं आहे. घरचे, सासरचे आणि स्वतः किशोरभाऊ, सगळे एकच निदान करत होते: इच्छाशक्ती कमी आहे. हे निदान चुकीचं होतं, आणि ते चुकीचं असल्यामुळेच आधीचे सगळे उपाय फसले होते.

अडचण

तोंड कमी उघडतंय हे आधी मुलीच्या लक्षात आलं. बाबा गुपचुप (पाणीपुरी) अख्खी तोंडात टाकत नाहीत, फोडून दोन तुकडे करून खातात. सावजीचा रस्सा तर वर्षभरापासून बंदच होता, कारण तोंडाची आग व्हायची. उभी तीन बोटं तोंडात सहज जायला हवीत. त्यांची दोन जेमतेम जायची.

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मेव्हण्यानं कुटुंबाच्या ग्रुपवर तोंडाच्या कॅन्सरचे फोटो टाकायला सुरुवात केली होती, रोज एक. त्याचा परिणाम उलटा झाला. किशोरभाऊंनी ग्रुप म्यूट केला, आरशासमोर तोंड उघडणं सोडलं आणि दाताच्या डॉक्टरकडे जाणं चौदा महिने टाळलं. मधल्या काळात खर्रा तीन पुड्यांवरून चारवर गेला.

भीती दाखवून माणूस सुधारतो ही समजूत फार पक्की आहे, म्हणून इथे जरा थांबू. किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार भीतीचा संदेश मिळाल्यावर माणूस मनात दोन हिशेब करतो: धोका किती मोठा आहे, आणि त्यावर मला काही करता येईल का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तो धोक्याशी न लढता भीतीशी लढतो. फोटो न पाहणं, डॉक्टर टाळणं, ‘आमचे आजोबा पंच्याऐंशीपर्यंत खात होते’ म्हणणं, हे सगळं भीती कमी करायचे मार्ग आहेत. भीती खरोखर कमी होते, म्हणून टाळाटाळ आणखी पक्की होते. आजोबांच्या उदाहरणाचं मूळ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेल्या विसंगतीत आहे. ‘हे जीव घेतं’ आणि ‘मी हे रोज खातो’ ही दोन वाक्यं एका डोक्यात शांतपणे राहू शकत नाहीत. कृती बदलणं अवघड असतं तेव्हा माणूस वाक्य बदलतो.

घरातही असंच एक चक्र फिरत होतं. कामावरून आल्या-आल्या पत्नी विचारायची, “अजी, आज किती झाले?” खरं सांगितलं की भांडण, खोटं सांगितलं की शांतता. साहजिकच खोटं बोलणं वाढलं आणि पुड्या स्कूटीच्या डिक्कीत गेल्या. पत्नीचा हेतू चांगलाच होता, पण त्या प्रश्नातून प्रामाणिकपणाला रोज शिक्षा मिळत होती.

सोडायचे प्रयत्न दोनदा झाले होते. टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घेतली, ती नऊ दिवस टिकली आणि दहाव्या दिवशी रात्रपाळीत मोडली. नंतर तंबाखू सोडून महिनाभर नुसती गोड सुपारी खाल्ली. हा दुसरा प्रयत्न जास्त घातक होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखू नसतानाही, पहिल्या गटातला, म्हणजे ठोस पुरावा असलेला, कर्ककारक ठरवलं आहे. तोंड आखडण्याचा जो आजार त्यांना होता, त्याचं मुख्य कारणही सुपारीच. शिवाय सुपारीतलं अॅरेकोलिन मेंदूवर उत्तेजक परिणाम करतं आणि त्याची स्वतंत्र सवय लागते. थोडक्यात, त्यांनी निम्मी सवय तशीच ठेवली होती आणि तोंड आखडवणारा निम्मा भाग जपला होता.

पहिली भेट: काय विचारलं आणि काय विचारलं नाही

शहरातल्या एका तंबाखूमुक्ती केंद्रात ते जुलैमध्ये आले, मुलीच्या हट्टामुळे. समुपदेशक मॅडमसमोर पहिला निर्णय हाच होता की माहिती द्यायची की नाही. माहितीपत्रक टेबलावर होतं. ते दिलं नाही.

त्याऐवजी दोन आकडे विचारले. खर्रा सोडणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे, शून्य ते दहा? उत्तर आलं आठ. आणि सोडता येईल याची खात्री किती? उत्तर आलं तीन.

या दोन आकड्यांनी उपचाराची दिशा ठरवली. महत्त्व आठवर असलेल्या माणसाला धोका समजावणं म्हणजे त्याला अजून घाबरवणं. कमी होती ती खात्री, म्हणून काम तिथे करायचं होतं. पुढचा प्रश्न होता, “तीन का म्हणालात, शून्य का नाही?” जरा वेळानं ते म्हणाले, “मागं नऊ दिवस राहिलो होतो ना जी. घरी होतो तवा काई वाटलंच नाई. नाइट शिफ्टले गडबड झाली.”

हेच ‘तीनच का, आठ का नाही?’ असं उलटं विचारलं असतं, तर सोडता न येण्याची दहा कारणं ऐकावी लागली असती, आणि ती कारणं बोलता-बोलता त्यांची त्यांनाच जास्त पटली असती. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून विकसित केलेल्या प्रेरक मुलाखतीच्या पद्धतीचा हा गाभा आहे. मन दोन्हीकडे ओढलं जात असतं. समुपदेशक एका बाजूनं ओढू लागला, की माणूस आपोआप दुसरी बाजू धरतो. म्हणून बदलाच्या बाजूचं वाक्य त्याच्याच तोंडून यावं लागतं. आणि इथे एक वापरता येणारा तपशीलही मिळाला: नऊ दिवस जमलं होतं, आणि मोडलं ते विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट वेळी.

दुसरा निर्णय तोंडाच्या तपासणीचा. तो पुढच्या भेटीवर टाकला नाही, कारण टाळाटाळ चौदा महिन्यांची होती. त्याच आठवड्यात दंत रुग्णालयात तपासणी झाली. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर २९ मिलिमीटर भरलं. मोठ्या माणसात ते साधारण ३५ च्या वर असावं. निदान: तोंडातल्या अस्तराखाली तंतू साचून ते आखडणं, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. संशयास्पद जखम किंवा गाठ नव्हती. आखडलेलं अस्तर पूर्ववत होत नाही, पण सुपारी थांबली तर पुढची वाढ रोखण्याची संधी असते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. याच भेटीत त्यांच्या हातात करण्यासारखं कामही दिलं. आइसक्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि सहज जमायला लागलं की एक काडी वाढवायची. धोका आणि उपाय एकाच बैठकीत समोर आल्यामुळे या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही.

एका आठवड्याची नोंद

सोडायची तारीख ठरवण्याआधी सात दिवस फक्त नोंद ठेवायची होती. कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. खिशात मावेल असं जाड कागदाचं कार्ड, त्यावर पाच रकाने: वेळ, जागा, सोबत कोण, लगेच आधी काय झालं, तलफ शून्य ते दहा. चिमूट तोंडात टाकण्याआधी लिहायचं, नंतर नाही. नंतर लिहिलं की आठवणीतून अंदाज येतो, आणि अंदाज नेहमी स्वतःच्या सोयीचा असतो.

सात दिवसांत २७ पुड्या आणि सुमारे १४० चिमटी भरल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त दोनच प्रसंगी होत्या: कंपनीच्या बसच्या थांब्याजवळचा ठेला, आणि रात्रपाळीत दोन ते पाचची वेळ. तलफ ० ते २ लिहिलेल्या चिमटीही बऱ्याच होत्या. इच्छा नसताना, नुसती पन्नी खिशात हाताला लागली म्हणून टाकलेल्या. हे कार्डावर पाहून किशोरभाऊंना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

कार्डावरून दिसलं की खर्रा चार वेगवेगळी कामं करत होता. सकाळी उठल्यावर दहा मिनिटांत पहिली चिमूट, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही अशी ठाम समजूत. रात्रपाळीत जागं राहणं. थांब्यावर मित्रांत उभं राहायला निमित्त. आणि घरी कर्जाच्या हप्त्यावरून बोलणं झालं की राग गिळणं.

चौथ्या कामात एक फसवणूक असते. ‘खर्रा टाकला की डोकं शांत होतं’ हे त्यांचं निरीक्षण खरं होतं. पण रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्याबरोबर चिडचिड सुरू होते, आणि पुढची चिमूट ती चिडचिड थांबवते. म्हणजे खर्रा जी अस्वस्थता घालवतो तिचा मोठा भाग खर्ऱ्यानंच आणलेला असतो. नको असलेली गोष्ट गेली की वर्तन पक्कं होतं, याला ऋण प्रबलन म्हणतात. हे त्यांना व्याख्यानातून सांगितलं नाही. कार्डावरच्या वेळा शेजारी-शेजारी ठेवून विचारलं, “घरी वाद झाला तेव्हा आधीची चिमूट किती वाजताची होती?” सहापैकी पाच वेळा अडीच तासांहून जास्त झाले होते.

कोणते पर्याय समोर होते

घरच्यांना निवासी व्यसनमुक्ती केंद्र हवं होतं. त्याला विरोधाचं कारण नुसता पगार नव्हता. महिनाभर ठेला, बस आणि रात्रपाळी यांपासून दूर राहून तलफ कमी झाली असती, पण परतल्यावर तोच थांबा, तीच माणसं. त्या जागांमध्ये न खाता राहण्याचा सराव झालाच नसता.

हळूहळू कमी करणं किशोरभाऊंना आवडत होतं. सिगारेट मोजता येते, खर्ऱ्याची पुडी मोजणं कठीण. ठेलेवाला जास्त भरून देतो, मित्राच्या पन्नीतून चिमूट घेतली तर ती हिशेबात येत नाही. शिवाय दिवसाला दोनच उरल्या की त्या दोन फार मौल्यवान होतात, माणूस दिवसभर त्यांचीच वाट पाहतो.

औषधांत निकोटिनची गोळी, म्हणजे च्युइंग गम, सहज मिळते. पण आग होणाऱ्या आणि आखडलेल्या तोंडात ती चघळणं त्रासाचं होतं, म्हणून डॉक्टरांनी त्वचेवर लावायचा पॅच सुचवला. तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये पॅचचा पुरावा सिगारेटवाल्यांइतका भक्कम नाही, आणि सुपारीची सवय तो भागवत नाही, हेही त्यांना आधीच सांगितलं. पुढे सुपारीची तलफ आली तर ‘पॅच काम करत नाही’ असा निष्कर्ष त्यांनी काढू नये, यासाठी ते आवश्यक होतं.

शेवटी ठरलं ते असं: ठरलेल्या तारखेला पूर्ण बंद, सुपारीसह. त्याआधी तीन आठवडे तयारी. पॅच, आणि चार कामांसाठी चार वेगळ्या व्यवस्था.

तारखेवरून थोडी ओढाताण झाली. किशोरभाऊंना मारबतीचाच दिवस हवा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, रोगराई आणि पीडा घेऊन जा म्हणून अख्खं इतवारी ओरडतं. त्यात आपला खर्राही जावा, ही त्यांची कल्पना होती. नव्या सुरुवातीच्या दिवशी बदलाला बळ मिळतं, हे खरं आहे. पण त्याच दिवशी गर्दी, जुने मित्र आणि संध्याकाळची बैठक. आणि वेळापत्रक पाहिलं तर पुढचा सोमवार सकाळच्या पाळीचा होता. पहिला आठवडा सकाळपाळीत, दुसरा दुपारपाळीत आणि रात्रपाळी तिसऱ्या आठवड्यात, हा क्रम फार मोलाचा होता, कारण निकोटिन सोडल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतो. तोडगा त्यांनीच काढला: शेवटची पुडी मारबतीला, रविवारी घर, डिक्की आणि कंपनीचं लॉकर साफ, सोमवारपासून बंद.

अंमलबजावणी

तयारीत सगळ्यात जड गेलं ते ठेल्यावरचं खातं बंद करणं. महिन्याची उधारी होती, १,१४० रुपये. ती चुकती करून त्यांनी ठेलेवाल्याला सांगितलं, “सोमवारपासून नाव काट माह्यं. मागतलं तरी देऊ नको.” उधारी असेपर्यंत रोज तिथे जायला कारण होतं. पैसे दिल्यावर ते उरलं नाही. बसचा थांबाही बदलला. एक थांबा आधी चढायचं, सहा-सात मिनिटं जास्त चालावं लागलं तरी.

प्रत्येक प्रसंगासाठी ‘असं झालं तर असं करीन’ अशी वाक्यं लिहून घेतली. पीटर गोल्विट्झर यांच्या कामातून (त्यांचा प्रसिद्ध आढावा १९९९ चा) हे पुढे आलं, की नुसत्या निश्चयापेक्षा वेळ, जागा आणि कृती बांधलेलं वाक्य जास्त पाळलं जातं. ऐन वेळी विचार करावा लागत नाही. वाक्यं लिहिताना नेहमी होणारी चूक म्हणजे ‘खाणार नाही’ असं लिहिणं. त्यात करायला काहीच नसतं. त्यांची वाक्यं अशी होती:

‘रात्री डोळे जड झाले, तर सुपरवायझरला सांगून कूलरपर्यंत जाईन, तोंडावर पाणी मारीन आणि खिशातलं बडीशेप-तीळ खाईन.’
‘कुणी पन्नी पुढे केली, तर “मी सोडला” म्हणीन आणि चहा मागवीन.’
‘घरी आवाज चढला, तर दहा मिनिटं गच्चीवर जाऊन येईन, आणि परत येऊन बोलीन.’

दुसरं वाक्य बैठकीत सहा-सात वेळा मोठ्यानं बोलून घेतलं. पहिल्यांदा त्यांनी “डॉक्टरनं मनाई केली” असं म्हटलं होतं. त्यावर मित्र ‘एकानं काय होते बे’ म्हणणारच, हे त्यांनाही उमगलं.

भाजलेलं तीळ-बडीशेप मुद्दाम शर्टाच्या डाव्या खिशातच ठेवलं, जिथे पन्नी असायची. अठरा वर्षं हात तिकडेच जात होता, तो जाणारच. तिथे दुसरं काही सापडावं इतकंच. लवंग आणि ओवा टाळला, कारण तोंडाची आग वाढते. पोटासाठी रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, थोडं चालणं आणि ठरल्या वेळी शौचाला बसणं. पहिले चार दिवस त्रास झाला, दुसऱ्या आठवड्यात घडी बसली. अठरा वर्षांची एक समजूत इथे प्रत्यक्ष अनुभवानं मोडली, आणि त्यांची खात्री सर्वांत जास्त याच गोष्टीनं वाढली.

पत्नीला एकच विनंती केली: रोजचा प्रश्न बंद. त्याऐवजी रविवारी सकाळी पट्टीनं तोंडाचं माप तिनं घ्यायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. चौकशी करणारी व्यक्ती मोजणीत सोबत करणारी झाली, आणि लपवायला काही उरलं नाही.

पॅचच्या बाबतीत दोन अडचणी आल्या. २१ मिलिग्रॅमचा पॅच दंडावर लावला तर भादव्यातल्या दमट उकाड्यात, मशीनच्या धगीजवळ, घामानं सुटायचा. तो कमरेच्या वर कोरड्या, केस नसलेल्या जागी, रोज जागा बदलून लावायला सांगितलं. दुसरी अडचण तिसऱ्या आठवड्यात आली. ‘सकाळी लावा, रात्री झोप बिघडली तर काढा’ ही सूचना त्यांनी शब्दशः पाळली. रात्रपाळीहून सकाळी घरी आल्यावर पॅच लावून झोपले. विचित्र स्वप्नं, तुटक झोप, आणि रात्री दोनला, नेमका गरजेच्या वेळी, पॅच अंगावर नाही. फोनवर हे कळताच सूचना बदलली: उठल्यावर लावा, झोपताना काढा, घड्याळात काहीही वाजले असोत.

तलफ आली की घड्याळ पाहायचं आणि दर मिनिटाला आकडा मनात म्हणायचा, हा सराव त्यांनी चिकाटीनं केला. बहुतेक वेळा सहा-सात मिनिटांत आकडा निम्म्यावर यायचा. तलफ चढतच जाते आणि खाल्ल्याशिवाय उतरत नाही, हा समज अशा मोजणीशिवाय जात नाही. एरवी माणूस तिचा उतार पाहायला थांबतच नाही.

पाचव्या आठवड्यापासून ते मुद्दाम जुन्या थांब्यावरून चढू लागले. सुरुवातीला टाळणं योग्यच होतं. कायम टाळत राहिलं तर ठेला दिसणं आणि खर्रा मिळणं ही मेंदूतली जोडी तशीच राहते. ठेला दिसला, घोटण्याचा आवाज आला आणि खर्रा तोंडात गेला नाही, असं वारंवार घडलं की जोडीचा जोर उतरतो. दोन आठवड्यांत थांब्यावरची तलफ सातवरून दोनवर आली.

घसरण

नवव्या आठवड्यात दिवाळी झाली आणि किशोरभाऊ भाऊबीजेनंतर गावी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गेले. रात्री दंडार हे लोकनाट्य, चौकात जुने सोबती. एकानं तळहातावर घोटलेला खर्रा समोर धरला. एक चिमूट घेतली. उशिरापर्यंत एक पुडी संपली. सोमवारी नागपुरात दोन पुड्या झाल्या, पॅच अंगावर असतानाच, त्यामुळे मळमळही झाली.

नागपुरात पंधरा दिवस ठेल्यासमोर उभा राहून न खाणारा माणूस गावात पहिल्याच दिवशी का घसरला? जोडीचा जोर उतरतो तेव्हा जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्यावर नवं शिकणं चढतं, आणि हे नवं शिकणं ज्या परिसरात झालं त्या परिसराला बांधलेलं असतं. मार्क बाउटन यांच्या प्रयोगांनी हे नीट दाखवलं आहे: परिसर बदलला की जुनी प्रतिक्रिया परत उभी राहते. मानेवाड्याच्या थांब्यावर केलेला सराव मानेवाड्यापुरता होता. गावातला चौक ही तर पहिली शाळा, आणि तिथे एकदाही सराव झाला नव्हता.

एका चिमटीच्या तीन पुड्या झाल्या त्याचं कारण वेगळं आहे. अॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये वर्णन केलेला हा परिणाम: पूर्ण बंदीचा नियम मोडला की माणूस त्याचं कारण स्वतःच्या कायमच्या कमकुवतपणात शोधतो. किशोरभाऊंचे शब्द होते, “मोडलंच ना आता, मंग कायले थांबू? आपल्यात दमच नाई.” पुढच्या पुड्या तलफेपेक्षा या वाक्यानं जास्त खाल्ल्या.

पाकिटात यासाठीच एक कार्ड होतं: उरलेली पन्नी फेकायची, पॅच चालू ठेवायचा, चोवीस तासांत फोन करायचा. त्यांनी फोन केला मंगळवारी, तिसऱ्या दिवशी.

आता निर्णय दोन होते. नवी तारीख घेऊन सगळी तयारी पुन्हा करायची का? तसं केलं असतं तर ‘पहिला प्रयत्न फसला’ यावर शिक्कामोर्तब झालं असतं. नवी तारीख घेतली नाही, बंदी त्याच दिवसापासून पुढे चालू धरली. मोजणीही बदलली. ‘सलग किती दिवस’ मोजलं की एका चिमटीनं आकडा शून्यावर येतो. ‘एकूण किती दिवस खर्ऱ्याविना’ मोजलं तर हातात साठ दिवस होते, आणि ते कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. दुसरा निर्णय मात्रेचा. मंडईच्या आधीच्या सोमवारीच पॅच १४ वरून ७ मिलिग्रॅमवर आला होता. डॉक्टरांनी तो दोन आठवड्यांसाठी पुन्हा १४ वर नेला.

काय हाती लागलं

सहा महिन्यांच्या भेटीपर्यंत त्या तीन दिवसांनंतर खर्रा किंवा सुपारी नाही. हे स्वतःचं सांगणं आणि पत्नीचा दुजोरा यावर आधारलेलं आहे, प्रयोगशाळेतली तपासणी केलेली नाही. वजन तीन किलो वाढलं. तोंड २९ वरून ३२ मिलिमीटर उघडू लागलं. त्याचं श्रेय काड्यांच्या व्यायामाला आणि दंत रुग्णालयातल्या उपचाराला, नुसत्या सोडण्याला नाही. तपासण्या कायम चालू राहणार आहेत, कारण कर्करोगाचा धोका सोडल्यानंतरही संपत नाही. खात्रीचा आकडा तीनवरून आठवर गेला. पुडी तीस रुपयांची धरली तर दिवसाला १२० आणि महिन्याला ३,६०० रुपये वाचतात, ते आता हप्त्यात जातात, आणि घरातल्या वादाचं मूळ कारणही थोडं हलकं झालं.

वेगळं काय करता आलं असतं

मंडई कॅलेंडरवर आधीच होती. सातव्या-आठव्या आठवड्यात एखादी दिवसभराची गावभेट ठरवायला हवी होती, पत्नीला सोबत घेऊन, पॅचची मात्रा चढी असताना, आणि त्याच चौकात ‘मी सोडला’ हे वाक्य त्याच सोबत्यांसमोर बोलून. मात्रा कमी करण्याचं वेळापत्रक पाकिटावरच्या आठवड्यांनुसार न चालवता पुढचा सण, पाळी आणि प्रवास पाहून चालवावं. आठवडाभर उशीर झाला तर काही बिघडत नाही. घसरणीचं कार्ड पाकिटात ठेवण्यापेक्षा त्यातला फोन पत्नीनं करायचा असं ठरलं असतं, तर दोन दिवस वाचले असते, कारण लाज वाटत असताना फोन उचलणं हेच सर्वांत कठीण काम असतं. केंद्र प्रत्येक वेळी उघडं नसतं, म्हणून राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११२-३५६ हा निःशुल्क क्रमांक निदान दिवसाच्या वेळेसाठी त्याच कार्डावर हवा होता.

आणि आई. घरात आई रोज गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, दातांना घासते, डबी न्हाणीघरातल्या कोनाड्यात असायची. नोंदीच्या कार्डावर ‘सोबत कोण’ या रकान्यात सकाळच्या वेळी चार वेळा ‘आई’ लिहिलेलं होतं, आणि त्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. तिला पहिल्या महिन्यातच बोलवायला हवं होतं, सोडायला लावण्यासाठी नव्हे, तर डबी तिच्या खोलीत ठेवण्याइतक्या साध्या व्यवस्थेसाठी. डबी आता तिथे गेली आहे. पुढच्या भेटीला आई स्वतः येणार आहे, आणि तिच्यासाठीही पहिला आठवडा फक्त नोंदीचा ठेवला आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून रकाने नात भरणार.